आगीच्या विम्याचा दर कसा ठरतो? दुकान, गाळा आणि वस्तीचा हिशेब

आपल्या समाजातील तरुण आता केवळ नोकरीच्या जाहिरातींची वाट पाहत बसलेला नाही. कुणी मोबाईल दुरुस्तीचे दुकान टाकले आहे, कुणी पत्र्याच्या शेडमध्ये फॅब्रिकेशन सुरू केले आहे, कुणी शिलाई यंत्रे घेऊन चार महिलांना काम दिले आहे. मुद्रा कर्ज, २०१६ साली सुरू झालेली स्टँड-अप इंडिया योजना, महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ अशा वाटांनी भांडवलही थोडेफार येऊ लागले आहे. हे कर्ज घेताना बँक एका कागदावर सही घेते आणि खात्यातून काही रक्कम कापते. तो कागद म्हणजे दुकानाच्या आगीच्या विम्याची पॉलिसी. बहुतेकांनी ती उघडूनही पाहिलेली नसते. शेजारच्या दुकानदाराला वेगळा हप्ता आणि आपल्याला वेगळा का, असे विचारले तर एजंटचे उत्तर एकच असते, "कंपनीचा रेट आहे."

हा रेट येतो कुठून? तो कोण ठरवते? आणि त्यात आपल्या हातात काय असते? शिका म्हटल्यावर केवळ पदवी डोळ्यांपुढे आणून चालणार नाही. ज्या व्यवस्थेला आपण पैसे देतो, तिचा हिशेब समजून घेणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. म्हणून या लेखात आम्ही आगीच्या विम्याच्या दराचे गणित सोप्या भाषेत मांडत आहोत.

दर म्हणजे काय?

आगीच्या विम्याचा दर साधारणपणे 'दर हजारी' सांगितला जातो, म्हणजे एक हजार रुपयांच्या मालमत्तेसाठी वर्षाला किती पैसे. दर हजारी एक रुपया असेल तर दहा लाखांच्या मालमत्तेचा हप्ता एक हजार रुपये होतो. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो.

या दराचा पाया एका साध्या भागाकारात आहे. समजा, एका प्रकारची दहा हजार दुकाने आहेत आणि प्रत्येकाचा विमा दहा लाखांचा आहे. सर्वांची मिळून विमा रक्कम झाली १,००० कोटी रुपये. वर्षभरात यांतल्या काही दुकानांना आग लागली आणि सर्वांचे मिळून पन्नास लाखांचे नुकसान झाले. पन्नास लाखांना १,००० कोटींनी भागले की दर हजारी पन्नास पैसे निघतात. ही झाली केवळ नुकसानीची किंमत. विमा क्षेत्रात तिला 'बर्न कॉस्ट' म्हणतात. एका वर्षाचा आकडा फसवा असू शकतो, म्हणून अनेक वर्षांचे नुकसान एकत्र धरले जाते.

या पन्नास पैशांवर मग बाकीचे चढते: कार्यालयाचा खर्च, एजंटचे कमिशन, सर्व्हेअरची फी, कंपनी स्वतः जो विमा घेते त्याचा म्हणजे पुनर्विम्याचा खर्च, एखाद्या वर्षी मोठा पूर किंवा भूकंप आला तर त्यासाठीची राखीव तजवीज आणि नफा. समजा, हे सगळे धरून दर ८० पैसे झाला. मग दहा लाखांच्या दुकानाचा हप्ता ८०० रुपये, जीएसटी १४४ रुपये, एकूण ९४४ रुपये. हे आकडे आम्ही समजावण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर व्यवसायागणिक आणि कंपनीगणिक वेगळा असतो. पण गणिताची रीत हीच आहे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. दर हा एकट्या दुकानदाराचा नसतो, तो त्याच्यासारख्या हजारो दुकानदारांच्या गटाचा असतो. ज्यांचे दुकान वर्षभर सुरक्षित राहिले त्यांच्या हप्त्यातून, ज्याचे दुकान जळाले त्याला पैसे मिळतात. विमा म्हणजे हिशेबात बसवलेले परस्पर सहकार्यच आहे. प्रश्न एवढाच की, आपल्याला कोणत्या गटात टाकले जाते आणि ते कोण टाकते.

दर ठरवणारे हात

इतिहासात थोडे मागे जाऊ. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडन शहर जळाले. सुमारे १३,२०० घरे खाक झाली. त्यानंतर पुढील दीड दशकात निकोलस बार्बन या बांधकाम व्यावसायिकाने घरांना आगीचा विमा देणे सुरू केले. त्याचा नियम सरळ होता. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के आणि लाकडी घराला पाच टक्के. म्हणजे लाकडी घरात राहणाऱ्याला दुप्पट. साडेतीनशे वर्षे होत आली, तरी आजच्या दरामागचे तत्त्व तेच आहे: जे लवकर पेटते, त्याला जास्त मोजावे लागते.

आपल्या देशात १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले. शंभराहून अधिक विमा संस्थांचे विलीनीकरण होऊन नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. दर मात्र कंपन्या ठरवत नव्हत्या. विमा कायद्याखालील टॅरिफ सल्लागार समिती ते ठरवत असे. तिच्या दरपुस्तकात दुकाने, कार्यालये, कारखाने, गोदामे यांचे वेगवेगळे विभाग होते आणि प्रत्येक व्यवसायापुढे दर छापलेला होता. मुंबईत आणि गडचिरोलीत, कोणत्याही कंपनीकडे गेले तरी त्याच पुस्तकातून दर निघायचा. घासाघीस नव्हती.

१ जानेवारी २००७ पासून हे बंधन उठले आणि कंपन्या आपापले दर ठरवू लागल्या. स्पर्धा सुरू झाली, पण तिचा फायदा सर्वांना सारखा झाला नाही. ज्यांचा हप्ता लाखोंत होता, त्या मोठ्या कारखान्यांसाठी कंपन्या एकमेकींवर पडू लागल्या आणि त्यांना घसघशीत सवलती मिळाल्या. नऊशे रुपयांचा हप्ता भरणाऱ्या दुकानदारासाठी कोण स्पर्धा करणार? त्याच्याकडे सौदा करण्याची ताकदच नव्हती.

सवलती इतक्या वाढल्या की काही व्यवसायांत गोळा झालेला हप्ता नुकसानीलाही पुरेना. मग २०१९ पासून जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीने लगाम ओढला. तिने आधी निवडक व्यवसायांसाठी आणि पुढे शेकडो प्रकारच्या व्यवसायांसाठी अट घातली की, किमान दर पाळला नाही तर तो धोका आमच्या पुनर्विमा करारात घेणार नाही. या किमान दरांचा आधार होता इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो या संस्थेने देशभरच्या पॉलिसी आणि क्लेमवरून काढलेली बर्न कॉस्ट. म्हणजे कागदावर दर मुक्त असला तरी पुनर्विमा देणाऱ्याचा हात त्यावर असतोच. तुमच्या गावातला एजंट या साखळीच्या शेवटच्या टोकाला असतो. त्याच्याशी वाद घालून दराचे मूळ बदलत नाही. पण त्याला कोणती माहिती द्यायची, हे मात्र आपल्या हातात असते.

तुमच्या दुकानात काय पाहिले जाते?

पहिली गोष्ट, व्यवसाय. तुम्ही तिथे नेमके काय करता आणि कोणता माल ठेवता? चहा-बिस्किटांचे दुकान आणि रंग-थिनरचे दुकान एकाच इमारतीत शेजारी असले तरी दर वेगळा. कापूस, फोम, प्लॅस्टिक, फटाके, रसायने यांचा धोका जास्त धरला जातो. गोदामात कमी आणि जास्त धोक्याचा माल एकत्र ठेवला तर सर्वांत धोकादायक मालाचा दर सगळ्यांना लावण्याची जुनी रीत आहे. म्हणून थिनरचे डबे वेगळ्या खोलीत, मधे पक्की भिंत ठेवून साठवणे हा सुरक्षेचाही मुद्दा आहे आणि हप्त्याचाही.

दुसरी गोष्ट, बांधकाम. जुन्या दरपुस्तकात लाकडी फळ्या, गवत, बांबू, प्लॅस्टिक, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छप्पर असलेले बांधकाम 'कच्चे' धरले जाई आणि त्याचा दर चढा असे. ते पुस्तक गेले तरी विमा कंपनीचा अधिकारी आजही हा प्रश्न विचारतो. याला कारण आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल परिसरात छतावरच्या रेस्टॉरंटना आग लागून १४ जणांचा जीव गेला. तिथे वरचे आच्छादन ज्वलनशील साहित्याचे होते. खालची इमारत काँक्रीटची असून उपयोग झाला नाही. दुकानापुढे पावसाळ्यासाठी ओढलेली ताडपत्री आपल्याला क्षुल्लक वाटते, पण आग तिच्यावरूनच पुढे सरकते.

तिसरी गोष्ट, शेजार. आपले दुकान कितीही नीट असले तरी लगत भंगाराचे गोदाम असेल, भिंत एकच असेल, गल्लीत तारांचे जाळे लोंबत असेल, तर धोका तुमच्याही नावावर चढतो. पुण्याच्या कॅम्पातील फॅशन स्ट्रीट बाजार २६ मार्च २०२१ च्या रात्री पेटला आणि एकमेकांना चिकटलेली शेकडो छोटी दुकाने जळाली. त्या प्रत्येक दुकानदाराने आग लावली नव्हती. पण आग अशा ठिकाणी हद्द पाहत नाही.

चौथी गोष्ट, बचावाची साधने. अग्निशामक सिलिंडर आहेत का, भरलेले आहेत का, ते चालवता येणारा माणूस आहे का? मोठ्या जागेत हायड्रंट आणि स्प्रिंकलर असतील तर दरात सूट मिळू शकते. आपल्या राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. तो लागू असलेल्या इमारतींनी आपली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे असते. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. भाड्याने गाळा घेताना मालकाकडे किंवा सोसायटीकडे हा कागद मागा. क्लेमच्या वेळी तो विचारला जाऊ शकतो.

पाचवी गोष्ट, ठिकाण. नाव आगीचा विमा असले तरी या पॉलिसीत आगीबरोबर वीज कोसळणे, स्फोट, वादळ, पूर, भूस्खलन, दंगल अशा गोष्टीही येतात. म्हणून नदीकाठ, सखल भाग, भूकंपाचा पट्टा हे सगळे दरात मोजले जाते. मात्र नकाशेही चुकतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो माणसे गेली, तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. नकाशा नंतर बदलला. म्हणून 'आपल्याकडे कधी होत नाही' या भरवशावर भूकंप किंवा पुराचे संरक्षण सोडू नये.

सहावी गोष्ट, मागचे क्लेम आणि स्वतःचा वाटा. पूर्वी वारंवार नुकसान झाले असेल तर दर वाढतो. आणि प्रत्येक पॉलिसीत एक कपात असते, म्हणजे नुकसानीतली सुरुवातीची काही रक्कम दुकानदारानेच सोसायची. ती जास्त स्वीकारली तर हप्ता कमी होऊ शकतो. पण दोन-तीन लाखांच्या भांडवलावर चालणाऱ्या माणसाने हा मोह टाळावा.

वस्तीचा भार कुणाच्या डोक्यावर?

वरच्या सहा गोष्टी पुन्हा पाहा. व्यवसाय, बांधकाम, साधने यांत दुकानदार काहीतरी करू शकतो. पण शेजार आणि ठिकाण? गल्ली इतकी अरुंद की अग्निशमन दलाचा बंब आत शिरत नाही, हे दुकानदाराचे कर्तृत्व आहे का? हायड्रंट कोरडा आहे, अग्निशमन केंद्र कित्येक किलोमीटर दूर आहे, खांबावरून लोंबणाऱ्या तारा वर्षानुवर्षे बदललेल्या नाहीत. ही सगळी सार्वजनिक हेळसांड आहे. तिची किंमत मात्र त्या वस्तीतला छोटा व्यावसायिक मोजतो. कधी चढ्या दराने, तर कधी विमा मिळतच नाही म्हणून. आपल्या माणसाने गावकुसाबाहेर किंवा झोपडपट्टीत धंदा का सुरू केला, याचे उत्तर जातीच्या आणि जमिनीच्या इतिहासात आहे. दराच्या कोष्टकात तो इतिहास लिहिलेला नसतो. तिथे फक्त 'धोका जास्त' एवढेच येते.

विमा अधिकाऱ्याने जात विचारली, असे आमचे म्हणणे नाही. कोष्टक जातीवर चालत नाही. पण ज्या परिस्थितीवर ते चालते, ती परिस्थिती सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नाही. समाजशास्त्र आपल्याला हाच फरक ओळखायला शिकवते. नियम सर्वांना सारखा असला म्हणून त्याचा परिणाम सारखा होत नाही.

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधील घरांना आणि दुकानांना विमा कंपन्या सर्रास नकार देत. १९६७ च्या उद्रेकांनंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात याची चौकशी झाली आणि १९६८ मध्ये कायदा झाला. त्यातून राज्याराज्यांत 'फेअर प्लॅन' नावाची व्यवस्था उभी राहिली. तिचे तत्त्व महत्त्वाचे होते. जागेची प्रत्यक्ष तपासणी करा, मालकाला त्याच्या हातातले दोष सांगा, पण केवळ आजूबाजूचा परिसर वाईट म्हणून विमा नाकारू नका. त्या व्यवस्थेतही त्रुटी राहिल्या. तरीही व्यक्तीचा दोष आणि परिसराचा दोष वेगळा मोजला पाहिजे, हे कायद्याने मान्य केले, ही मोठी गोष्ट होती.

आपल्याकडे संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांच्या यादीत अग्निशमन सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने ही यादी आली. म्हणजे वस्तीत बंब पोहोचेल असा रस्ता आणि पाणी असलेला हायड्रंट मागणे ही भीक नव्हे, ती संविधानात लिहिलेल्या कामाची मागणी आहे.

स्वस्त हप्त्याचा सापळा

दर समजला की पुढचा मोह येतो, तो म्हणजे हप्ता कसाही करून कमी करायचा. इथेच आपली माणसे सर्वांत जास्त फसतात. चार सापळे ओळखून ठेवा.

पहिला सापळा, कमी रकमेचा विमा. समजा, दुकानात १२ लाखांचा माल आहे, पण कर्ज सहा लाखांचे आहे म्हणून बँकेने विमाही सहा लाखांचाच काढला. आग लागून तीन लाखांचा माल जळाला. दुकानदाराला वाटते, विमा सहा लाखांचा आहे, तीन लाख पूर्ण मिळतील. मिळतात दीड लाख. कारण निम्म्या मालाचाच विमा होता, म्हणून नुकसानही निम्मेच भरून मिळते. याला सरासरीचा नियम म्हणतात. वरच्या ८० पैशांच्या दराने उरलेल्या सहा लाखांचा हप्ता किती झाला असता? ४८० रुपये, जीएसटी धरून साधारण ५६६. एवढ्यासाठी दीड लाखांवर पाणी सोडावे लागले. शिवाय पॉलिसीवर बँकेचे नाव असल्याने मिळालेल्या दीड लाखावर पहिला हक्क बँकेचा. बँक आपल्या कर्जाची काळजी घेते. आपल्या पूर्ण मालाची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

दुसरा सापळा, खोटी किंवा अर्धवट माहिती. वेल्डिंगचे काम चालते, पण कागदावर 'हार्डवेअर दुकान' लिहिले. पोटमाळ्यावर फोम साठवला, पण सांगितला नाही. हप्ता थोडा कमी झाला खरा. आगीनंतर सर्व्हेअर येतो, राखेतून आणि बिलांतून धंदा ओळखतो आणि क्लेम अडकतो. पुढे व्यवसाय बदलला, जागा बदलली तरी कंपनीला लेखी कळवलेच पाहिजे. दुकान बराच काळ बंद ठेवणार असाल, तरीही कळवा. जुन्या प्रमाणित पॉलिसीत इमारत ३० दिवसांहून अधिक रिकामी राहिली आणि कंपनीची परवानगी नसली तर संरक्षण थांबते.

तिसरा सापळा, संरक्षणाची काटछाट. मोठ्या रकमेच्या प्रमाणित पॉलिसीत पूर-वादळाचा गट आणि दंगल-संप-हेतुपुरस्सर नासधुशीचा गट वगळून हप्ता कमी करण्याची सोय असते. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा आणि सणसवाडी परिसरात काय जळाले, हे आपण विसरलेलो नाही. ज्या समाजाने घरे आणि दुकाने जाळली जाताना पाहिली आहेत, त्या समाजाच्या व्यावसायिकाने चार पैशांसाठी दंगलीचे संरक्षण काढून टाकू नये. पॉलिसी हातात आल्यावर हा शब्द तिच्यात आहे का, हे आधी शोधा.

चौथा सापळा, पैसे न पोहोचणे. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता कंपनीला मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. एजंटच्या खिशात पैसे देऊन 'उद्या पावती देतो' यावर विसंबू नका. हप्ता थेट कंपनीच्या नावाने भरा.

बाबासाहेबांनी विम्याकडे कसे पाहिले?

विमा हा काही शेठजींचाच विषय नाही. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या दस्तऐवजात बाबासाहेबांनी विम्यावर शासनाची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीने असावा, अशी मांडणी केली होती. ती शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी होती. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण त्यानंतर नऊ वर्षांनी, १९५६ मध्ये झाले. सर्वसाधारण विम्याला १९७३ उजाडले.

बाबासाहेबांची ती सक्ती आयुर्विम्याची होती, आगीच्या विम्याची नव्हे, हे नीट लक्षात ठेवू. पण त्यामागचा विचार इथेही लागू पडतो. संकटाचा भार एकट्या गरिबाच्या डोक्यावर न ठेवता तो सगळ्या समाजात वाटून घ्यायचा. आणि हे वाटप केवळ नफ्याच्या हिशेबाने झाले तर जो सर्वांत असुरक्षित, तोच बाहेर राहतो. २००७ नंतर मोठ्यांना सवलत आणि छोट्यांना छापील दर, हे आपण वर पाहिलेच.

आता करायचे काय?

छोट्या व्यावसायिकांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आली आहे. एका ठिकाणची इमारत, यंत्रे, माल धरून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती आहे. शब्दरचना सर्व कंपन्यांची सारखी, दर मात्र वेगवेगळा. म्हणून दोन-तीन कंपन्यांकडून लेखी दर मागवणे सोपे झाले आहे. भूकंप, पूर, दंगल यांचे संरक्षण तिच्यात मुळातच आहे. विमा रक्कम खऱ्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी निघाली तर सरासरीचा नियम लावला जात नाही. बँकेने कोणती पॉलिसी काढली आहे, ते विचारा आणि तिची प्रत मागून घ्या. तो आपला हक्क आहे.

दुकानदाराने वर्षातून एकदा मालाची आणि यंत्रांची यादी करावी, फोटो काढावेत, खरेदीची बिले आणि स्टॉकची वही दुकानाबाहेर, घरी किंवा फोनमध्ये ठेवावी. दुकानाबरोबर वहीही जळाली तर नुकसान सिद्ध करणे कठीण जाते. जुने वायरिंग बदलावे, मीटरपेटीजवळ माल ठेवू नये, एक अग्निशामक सिलिंडर घेऊन तो चालवायला शिकावे. आग लागलीच तर आधी माणसे बाहेर काढा, अग्निशमन दल आणि पोलिसांना कळवा, कंपनीला लगेच लेखी कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत जळालेला माल हलवू नका.

क्लेम नाकारला किंवा कमी दिला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. एकल मालकीचे आणि सूक्ष्म उद्योग तिथे जाऊ शकतात, फी लागत नाही, वकील लागत नाही. आपल्या राज्यात मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. उद्यम नोंदणी केलेली असेल तर सूक्ष्म उद्योग असल्याचा पुरावा हातात राहतो, म्हणून ती करून ठेवा.

एवढे झाले एकट्याचे काम. कार्यकर्त्यांचे काम याहून मोठे आहे. आपल्या वस्तीतल्या दुकानांची आणि गाळ्यांची यादी करा. किती जणांचा विमा आहे, किती रकमेचा आहे, हे विचारा. माहितीच्या अधिकारात नगरपालिकेला विचारा की वस्तीपासून जवळचे अग्निशमन केंद्र कुठे आहे, वस्तीत हायड्रंट किती आणि त्यांतले चालू किती, मागील पाच वर्षांत इथे किती आगी लागल्या आणि त्यांची कारणे काय नोंदली आहेत. उत्तर आले की ते घेऊन प्रभागाच्या नगरसेवकाकडे आणि आयुक्तांकडे जा. जयंतीच्या वर्गणीतून एखादे वर्ष विहारात आणि बाजाराच्या तोंडाशी अग्निशामक सिलिंडर बसवा. अग्निशमन दलाला बोलावून तरुण-तरुणींना ते चालवायला शिकवा. दहा-वीस दुकानदारांनी मिळून एकाच वेळी दर मागवले तर एजंटचाही सूर बदलतो, कारण मग समोर नऊशे रुपयांचे एक गिऱ्हाईक नसते, एक बाजार असतो.

दर हा कोष्टकातला आकडा असला तरी तो दगडावर कोरलेला नाही. वायरिंग बदलले की धोका बदलतो, हायड्रंटला पाणी आले की धोका बदलतो, बंब आत येईल एवढा रस्ता झाला की धोका बदलतो. त्यातले वायरिंग दुकानदाराने बदलायचे आहे. पाणी आणि रस्ता मात्र संघटित होऊनच मिळवावा लागेल. पुढच्या महिन्याच्या बैठकीत एवढा एक विषय घ्या, प्रत्येकाला आपली पॉलिसी सोबत आणायला सांगा आणि ती सगळ्यांसमोर उघडून वाचा.